उजवा डोळा आधी

“त्यांनाच फोनवर द्या. पडताळणी खातेदाराचीच होते.”

“कुठून देऊ हो? गेल्या महिन्यात गेले ते.”

“मग खातं बंद करावं लागेल. मृत्यूचा दाखला पाठवा.”

“पण त्यांचा फोन माझ्या बोटानं उघडतो की! इतके दिवस दुकानात मीच टेकवत होते.”

“ते चालत नाही,” ती म्हणाली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न होता : खातेदार हयात आहे का? तिने ‘नाही’वर खूण केली आणि पुढचा फोन घेतला.

दुकानातल्या यंत्राला फोन टेकवून पैसे देणाऱ्यांची ओळख पटवण्याच्या विभागात तिची अकरा वर्षं गेली होती. कुणाचा ठसा जुळत नाही, कुणी पिन विसरलेला, कुणाचा फोन चोरीला गेलेला. खरा माणूस कोण ते ठरवायचं आणि दार उघडायचं नाहीतर लावायचं, एवढंच काम. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तिला दारवान म्हणायचा.

“दारवानबाई, सकाळपासून किती जणांना हाकललंत?”

“तुमचा नंबर आला की कळवते,” ती म्हणाली.

तेवढ्यात आईचा फोन आला. “अगं, ह्यांचा फोन मला ओळखेनासा झालाय.”

वडिलांनी चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या. ओली पूड, फिरतं चाक, आणि चाकावर काच धरणारी बोटं. काचेबरोबर बोटंही गुळगुळीत झाली. मुलीने नवा फोन आणून दिला तेव्हा त्यांनी एकेक बोट लावून पाहिलं आणि निकाल जाहीर केला, “दहाच्या दहा नापास!” मग बायकोला हाक मारली, “तुझं दे गं एक उसनं.” तेव्हापासून दुकानात फोन ते धरायचे आणि बोट आई लावायची. “आम्ही दोघं मिळून एक गिऱ्हाईक,” ते दुकानदाराला सांगायचे. एकाच्या फोनवर दुसऱ्याचं बोट, हे नियमात बसत नव्हतं. दारवानाने घरात तेवढा काणाडोळा केला होता.

ते गेले त्याला चार महिने झाले. दुपारी हातातली काच खाली ठेवली, खुर्चीत मागे टेकले आणि संपलं. आई फोन रोज चार्ज करायची, सकाळी पाव आणायला तोच घेऊन जायची. पावतीवर त्यांचं नाव छापून यायचं. हेही मुलीला ठाऊक होतं. याबद्दल त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

काल आई मावशीकडे राहिली, चार्जर घरी विसरला आणि फोन बंद पडला. बंद पडून चालू झालेला फोन आधी पिन मागतो, बोट नंतर. ही गोष्ट ती दिवसातून वीस जणांना समजावून सांगत असे. आज एकविसाव्यांदा सांगितली आणि लवकर सुट्टी घेऊन आईकडे गेली.

आई फोन समोर ठेवून बसली होती. “चारदा घातला. ह्यांची जन्मतारीख, लग्नाची तारीख, तुझी, आणि घर घेतलं ती.”

“मला विचारायचं तरी, आई! आता एकदाच घालता येईल. चुकला तर फोन कोरा होणार.”

“असला आगाऊपणा कुणी करून ठेवलाय?”

“मीच. चोरीच्या भीतीने. सहा आकडी पिन मात्र बाबांनीच ठरवला, मलाही सांगितला नाही.”

आईने फोन उलटा करून पाहिला. मग म्हणाली, “तू तिथेच असतेस ना? उघड की तुमच्या ऑफिसातून.”

“ऑफिसातून फक्त बंद करता येतं.”

“कर मग. करावं लागणार, एवढं कळतं मला. पण आणखी एकदा पाव आणू दे. माणूस न सांगता गेला, हे तरी सांगून जाऊ दे.”

बोलता बोलता आईने नाकावरचा चष्मा वर सरकवला. चष्मा नव्हताच. मोतीबिंदू काढल्यापासून तो डबीतच होता. बोटाची सवय मात्र गेली नव्हती. मुलगी त्या बोटाकडे पाहत राहिली.

“आई, तुझा नंबर काय होता गं?”

“आता कुठला नंबर?”

“लग्नाआधीचा. बाबा सगळ्यांना सांगायचे बघ.”

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ते वाक्य मिळायचं : हिचं नाव कळायच्या आधी हिचा नंबर मला पाठ होता.

“सव्वादोन आणि पावणेतीन,” आई हळूच म्हणाली.

दोन पंचवीस, दोन पंचाहत्तर. सहा आकडे.

“पण आधी कुठला?”

“उजवा. त्यांच्या कामात उजवा डोळा आधी. कुणी डावा आधी लिहून पाठवला की कागद परत करायचे.”

“हो, पण तुझा उजवा कुठला? सव्वादोन?”

आईने उजवा डोळा मिटून समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं. आता दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसत होतं.

“उजवी काच जाड होती,” ती शेवटी म्हणाली. “तेच म्हणायचे, हिचा उजवा कान जास्त ओझं वाहतो.”

तिने फोन मुलीच्या हातात दिला नाही. स्वतःच एकेक आकडा दाबला. दोन, सात, पाच. दोन, दोन, पाच.

फोन उघडला.

कोपऱ्यावरच्या दुकानात आईने एक पाव घेतला, बोट ठेवलं आणि फोन टेकवला. पावती घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली. “आता कर बंद,” ती म्हणाली.

नात्यातल्या माणसाचं खातं स्वतः हाताळायचं नाही, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात शेजारच्या टेबलासमोर, अर्जदाराच्या खुर्चीत बसली. सहकाऱ्याने दाखला पाहिला. थट्टा केली नाही. ‘खातेदार हयात आहे का?’ या प्रश्नाशी तो थांबला, तिच्याकडे पाहून घेतलं आणि मग खूण केली. आपण तिथे कधी थांबलो नव्हतो, हे तिला आठवलं.

“अर्जदार कोण?”

“मुलगी.”

त्याने ठशाचं यंत्र तिच्याकडे वळवलं. तिने बोट ठेवलं. यंत्राने पहिल्याच खेपेला ओळखलं.