प्रोजेक्टचा कागद

"काका, बाकी सगळं भरलेलं आहे. फक्त प्रोजेक्ट अपलोड करायचाय. आणलाय ना?"

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आपल्या दोन खुर्च्यांच्या सायबर दुकानात हितेशनं असं विचारलं, तेव्हा हरिचंद्रला जरा अभिमानच वाटला. मांडीवरच्या प्लास्टिकच्या फाइलीतून त्यानं लॅमिनेशन केलेला एक कागद दोन्ही हातांनी काढला आणि टेबलावर ठेवला.

"यो बग. वरिजनल हाय."

हितेशनं कागद डोळ्यांजवळ नेला. त्याची शाळा हिंदीतून झालेली, सरकारी मराठी त्याला जड जायचं. एका शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"प्रकल्प... प्रकल्प मतलब प्रोजेक्ट ही ना, काका?"

"मंग? प्रोजेक्टचाच कागद यो. पोरीचा नाव बग खाली."

"हां, नेत्रा हरिचंद्र. बरोबर है." त्यानं कागद स्कॅनरवर पालथा घातला. हरिचंद्रच्या मोबाइलवर ओटीपीचा नंबर आला, तो त्यानं एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवला. पाचाला वीस मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

"नशीब समजा," हितेश म्हणाला. "सकाळपासून साइट लटकलेली. चार पोरं परत गेली."

या कागदाची हकिगत इथं सांगायला हवी, नाहीतर हरिचंद्रला कोणी मूर्ख म्हणेल, आणि तो मूर्ख नव्हता. अंबरनाथच्या आनंदनगरला कारखाने यायचे ठरले तेव्हा त्याच्या बापाची, हिरामणची, भाताची जमीन गेली. मोजणीला आलेला इंजिनियर उठताबसता 'प्रोजेक्ट' म्हणायचा. पुढे जमीन गेल्याचा दाखला मिळाला, त्यावर 'प्रकल्पग्रस्त' असं लिहिलेलं होतं. हा शब्द हिरामणच्या जिभेवर काही बसेना, म्हणून घरात त्याचा 'प्रोजेक्टचा कागद' झाला. त्या कागदावर घरातल्या एकाला सरकारी नोकरीत राखीव जागा मागता येते. पण जागा मोजक्या आणि कागदवाले उदंड. हिरामण वाट बघत गेला. हरिचंद्रचं वय उलटलं. मग दोन वर्षं कचेरीचे उंबरे झिजवून त्यानं तो कागद नेत्राच्या नावावर करून घेतला. स्वतः तो आपल्याच जुन्या बांधापाशी उभ्या राहिलेल्या एका कंपनीत पंप चालवत होता, तेही कंत्राटावर. इतक्या वर्षांत तो कागद बाहेरच्या कोणी आपणहून मागितला नव्हता.

आणि त्या दिवशी सकाळी बदलापूरला सीईटीच्या परीक्षेला जाताना नेत्रानं रिक्षात बसता बसता तोच मागितला. "बाबा, कालपासून साइट बंद पडलीय. बाकी सगळं मी टाकलंय, फक्त प्रोजेक्टचा कागद राहिलाय. माझ्या फाइलमध्ये आहे, तेवढा स्कॅन करून टाक. पाचच्या आत हां." परीक्षेत मोबाइल चालत नाही, म्हणून तो ती घरीच ठेवून गेली.

फाइलीत टाचणी मारलेली चार इंग्रजी पानंही होती. हरिचंद्रनं ती पाहिली होती. क्लासच्या नोट्स असतील, असं समजून त्यानं ती जपून परत ठेवली. दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात. इथं कर्म बिचारं चांगल्या मनानं आलं होतं, एवढंच.

अर्ज होता पनवेलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खाजगी विद्यापीठाचा. तिथं घोकंपट्टी नाही, चार वर्षं हातानं काहीतरी बनवायचं आणि बनवता बनवता शिकायचं, असं नेत्राच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून पोरीला दुसरं काही दिसेना. एका वर्षाची फी म्हणजे हरिचंद्रची दोन वर्षांची कमाई, वर राहणं-जेवण वेगळं. नाकापेक्षा मोती जड. पण दरवर्षी बारा मुलांना सगळी फी माफ असायची, आणि ती बारा मुलं निवडताना मार्क बघत नसत. मुलानं काय बनवलंय तेवढंच बघत.

नेत्रानं एक पेटी बनवली होती. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. घरातलं एक माणूस पाण्यासाठी अडकून पडलेलं असायचं, आणि ते माणूस म्हणजे नेत्राची आई, तुळशी. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते. ती हवा ओळखून पेटी घरात घंटी वाजवायची. शिवाय नेत्रानं तीन महिने अकरा घरांच्या पाण्याच्या वेळा वहीत टिपल्या आणि त्यावरून उद्याची वेळ सांगणारं गणित बसवलं. तिची पेटी पाइपाला लागल्यापासून तुळशी दुपारची झोपायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

या सगळ्यात सीईटीचा अभ्यास मागं पडला. तिकडं प्रोजेक्ट बघतात ना, मग कशाला, असं नेत्राच म्हणायची आणि हरिचंद्र मान डोलवायचा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. प्रवेश दिला होता, फीमाफी नाकारली होती. सादर केलेला प्रोजेक्ट विचारात घेण्याजोगा नाही, असं एका ओळीत लिहिलं होतं. नेत्रानं ते दोनदा वाचलं आणि जेवताना सांगितलं.

"बरोबरच आहे त्यांचं. पाण्याची घंटी म्हणजे काय प्रोजेक्ट झाला? तिथं मुलं ड्रोन बनवतात, रोबोट बनवतात. मीच येडी."

दुसऱ्या दिवशी तिनं पेटी पाइपावरून काढली. त्याच आठवड्यात सीईटीचा निकाल लागला, तोही बेताचाच. नंबर लागला तरी कुठल्या तरी लांबच्या कॉलेजात लागणार होता, आणि तिथल्या राहण्या-खाण्याचं विचारायलाच नको. पोरगी रडली नाही, भांडली नाही. सांगितलं ते काम करायची आणि मोबाइल पालथा ठेवायची. हरिचंद्रला हे बघवेना. त्यानं एक खाडा केला आणि घरी न सांगता पनवेलची एसटी पकडली.

विद्यापीठात ॲडमिशनच्या खिडकीत तेजल नावाची एक मुलगी होती, नेत्राहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिनं त्याला आत बोलावून खुर्ची दिली.

"हप्ते होतात, काका. पण पहिला हप्ता शुक्रवारपर्यंत भरावा लागेल." तिनं आकडा सांगितला. "आणि नंतर प्रवेश रद्द केला तर तो परत मिळत नाही."

आकडा ऐकून हरिचंद्रनं पुढचं विचारलंच नाही. "न् ती माफीची जागा? पोरीनं लय मेहनत केलती, मॅडम. तिचा काय चुकला तवरा सांगा. मी तिला सांगन."

"थांबा, बघते." तेजलनं काहीतरी शोधलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिनं पडदा त्याच्याकडं वळवला. पडद्यावर हिरामणचं नाव होतं, गोल शिक्का होता, गट नंबर होता.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"व्हय. प्रोजेक्टचा कागद."

ती आधी पडद्याकडं आणि मग त्याच्याकडं बघत राहिली. ती हसली नाही, हे हरिचंद्रच्या कायम लक्षात राहिलं.

"काका, प्रोजेक्ट म्हणजे तुमच्या मुलीनं स्वतः जे बनवलंय ते."

ती चार इंग्रजी पानं हरिचंद्रच्या डोळ्यांपुढं आली. "तिनं बनवलाय. घरी हाय. उद्या सकाली आनून दावतंय, तुमी फक्त बगा."

"यादी लागली हो. बारा मुलं ठरली." तरी ती उठली. "मी एकदा विचारून येते."

ती आत गेली. बाहेर हिरवळीवर नेत्राच्या वयाची पोरं एक चाकांची गाडी घेऊन बसली होती. गाडी चालत नव्हती आणि पोरं मजेत हसत होती. हरिचंद्रला त्यांचा राग आला नाही, पण तिकडं बघणंही होईना. तेजल परत आली आणि त्याच्याकडं न बघता खुर्चीत बसली.

"नाही म्हणाले. पुढच्या वर्षीही करता येणार नाही, काका. माफीला त्याच वर्षी बारावी झालेली लागते."

परतीच्या एसटीत त्याच्या मनात येऊन गेलं की हे आपण सांगितलं नाही तर कोणाला कळायचं नाही. पोरगी थोडे दिवस स्वतःला नावं ठेवील आणि विसरेल. बाप म्हणून आपली इज्जत राहील. अर्ध्या वाटेपर्यंत त्यानं हे खूप घोळवलं. पण 'मीच येडी' म्हणतानाचा तिचा आवाज काही पाठ सोडेना. असली इज्जत काय चुलीत घालायची?

घरी पोचला तेव्हा दिवेलागणीला अजून वेळ होता. तुळशी भाकऱ्या थापत होती. नेत्रा कोथिंबीर निवडत बसली होती. हरिचंद्रनं चप्पलही काढली नाही, दारातच उभा राहून म्हणाला, "नेत्रा, तुजा प्रोजेक्ट वाईट नवता. कोनी बगलाच नाय त्यो."

"म्हणजे?"

"मी दुसराच कागद टाकला. आपला. आज्याचा."

तुळशीचा हात परातीत थांबला. हरिचंद्रनं दुकानापासून तेजलच्या पडद्यापर्यंत सगळं सांगितलं, स्वतःला एका शब्दानंही न वाचवता. त्याचं पुरतं बोलून व्हायच्या आधीच नेत्राला कळलं होतं. लहानपणापासून तीही त्या दाखल्याला प्रोजेक्टचा कागदच म्हणत आली होती.

"मीच तसं बोलले," ती हळू म्हणाली. "प्रोजेक्टचा कागद, असंच बोलले मी."

शिव्या खायची तयारी हरिचंद्रनं केली होती. ह्याची नव्हती. "मना बोल काय तरी. शिव्या दे."

"कशाला बाबा." तिनं निवडलेली कोथिंबीर उगाच पुन्हा निवडायला घेतली. "म्हणजे कोणीच वाचलं नाही? एकानं पण?"

"नाय."

तेव्हा ती रडली. उत्तर आल्यापासून पहिल्यांदा. तुळशी पिठाच्या हातांनी तिच्याजवळ जाऊन बसली आणि हरिचंद्र तिथंच दारात उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याच वेळी, का कोण जाणे, पोरगी रडतेय याचं बरंही वाटत होतं.

बऱ्याच वेळानं नेत्रानं ओढणीनं तोंड पुसलं. "प्रोजेक्ट आवडला की इंटरव्ह्यूला बोलावतात, दहा मिनिटं देतात. सगळं पाठ केलेलं मी. आरशासमोर."

"बोल मंग," हरिचंद्र म्हणाला. "आमी ऐकताव."

"इंग्लिशमध्ये आहे."

"आसूदे."

तो प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. नेत्रानं माळ्यावरून पेटी काढली, भिंतीपाशी उभी राहिली आणि बोलू लागली. सुरुवातीला आवाज बसलेला होता, मग सुटला. हरिचंद्रला वॉटर कळलं, अंबरनाथ कळलं, आणि 'माय मदर' म्हणताना तिनं तुळशीकडं हात केला तेही कळलं. बाकी काही कळलं नाही. पण पोरगी कुठंही अडखळली नाही, पेटी उघडून एकेक वायर दाखवत गेली, आणि आपली मुलगी एवढी मोठी कधी झाली, ते त्याला कळलंच नव्हतं.

"एनी क्वेश्चन्स?" शेवटी तिनं विचारलं.

हरिचंद्र खाकरला. "लाइट गेली तं?"

"बॅटरी आहे, सर. सहा तास चालते."

"पानी किती वाजता येल त्ये बरोबर सांगतं का?"

"बारा मिनिटं इकडंतिकडं, सर."

त्याला आणखी विचारायचं होतं. प्रश्न संपले की हे संपणार, हे त्याला दिसत होतं. पण पाणी, लाइट आणि वेळ यापलीकडं त्याला सुचेना. तुळशीनं नुसती मान हलवली.

"थँक यू, सर. थँक यू, मॅडम," नेत्रा म्हणाली. तिनं वायरी आत सारल्या, पेटीचं झाकण लावलं आणि खाली बसून कोथिंबिरीचं ताट पुढं ओढलं.

"बाजूची शलाका सांगत होती," ती खाली बघतच म्हणाली, "तुझ्या कंपनीत पॅकिंगला मुली घेतायत."

हरिचंद्र खुर्चीवर तसाच ताठ बसून होता.

"सोमवारपासून," तो म्हणाला. "दोन फोटू लागतात."