एकरभर अँटेना

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवर आहात. मोबाईलला रेंज नाही. ओसरीत एक जुना रेडिओ आहे आणि आज, गुरुवारी, संध्याकाळी सव्वासातला सांगली केंद्रावर मनुबाईंच्या, केंद्राने आधी टिपून नेलेल्या ओव्या लागणार आहेत. एकदाच. मनुबाई द्राक्षबागेत कामाला येतात. स्वतःचा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नाही.

पण त्या घरातली शिवांजली वैतागली होती. दिवसभर खणखणीत लागणारं सांगली केंद्र सूर्य मावळला की बिघडायचं. सोमवारपासून ती लावून बघत होती, रोज तेच. बातम्यांच्या मागे कोणीतरी परक्या भाषेत भांडत असायचं आणि वर एक शिट्टी.

"त्यात केंद्राचा दोष न्हाई, पोरी," तिचे आजोबा नाथाजी म्हणाले होते. ते फौजेत सिग्नलला होते. "उन्हानं आभाळात एक थर तयार होतो, तो लांबच्या लहरी गिळतो. ऊन गेलं की थर विरतो. मग त्या लहरी आणखी वरच्या थरावर आपटून पार आपल्या अंगणात उतरत्यात."

"मग त्यांना घालवायचं कसं, आबा?"

"आपली अँटेना मोठी करायची!"

म्हणून आज दुपारी त्यांनी रेडिओला तार जोडली आणि तिचं दुसरं टोक द्राक्षाच्या मांडवाला बांधलं. अख्ख्या एकराच्या तारा! "फौजेतबी एवढी अँटेना बघितली न्हाई," ते मिशीत हसले. उन्हात आवाज असा घुमला की शेळ्या बिचकल्या.

सात वाजता मनुबाई आणि बागेतल्या बाया जमल्या. नाथाजींनी बटण फिरवलं आणि चार देश एकदमच बोलायला लागले. सांगली त्यात कुठे सापडेना.

"मने, चिनी कवा शिकलीस गं?" एकीने विचारलं. बाया खिदळल्या.

मनुबाई हसल्या नाहीत. "आवं आबा, ह्यात माझा आवाज कंचा?"

"थांब, तार अजून ताणतो." नाथाजींनी तार ताणली. शिट्टी वाढली.

"आबा, पुरे!" शिवांजली ओरडलीच. "ह्या तारेला एकटी सांगली वळखू येत न्हाई. ती सगळ्यांनाच आत घेतीया!"

सात वाजून बारा मिनिटं झाली होती. तिला सकाळची गोष्ट आठवली. बिनतारेचा रेडिओ घेऊन ती गोठ्याकडे वळली, तेव्हा सांगलीचा आवाज बुडाला होता आणि मागे वळताच परत आला होता. रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते. तिच्या टोकांच्या दिशेने आलेलं तिला कमी ऐकू येतं, एवढंच ते गुपित. शिवांजलीला कांडी ठाऊक नव्हती. पण वळल्यावर सांगली बुडते, तर परकी केंद्रं का नाही बुडणार?

तिने तार उपटली.

"अगं, काय करतीस?"

रेडिओ मांडीवर घेऊन ती इंच इंच फिरवत राहिली. भांडणारा माणूस बारीक झाला. शिट्टी राहिली, पण तिच्याखालून खरखरत एक ओवी वर आली.

"ही मीच की गं," मनुबाई पुटपुटल्या.

रेडिओ धड उभा नव्हता, धड आडवा नव्हता. शिवांजलीचे हात भरून आले, कोपरावर डास बसला. शेवटची ओवी संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, जराही न हलता.