तेजोमणी आणि तांबडा भोपळा

कुपवाडच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कडेगावाकडून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. कुणाच्या डोळ्यावर पट्टी, कुणाचा हात लेकीच्या खांद्यावर. समोर चौरंगावर मखमल अंथरून त्यावर जाड भिंगं मांडली होती. रंग मधासारखा पिवळा.

"ह्यो तेजोमणी," बाबा सांगत होते. "झोपताना मिटल्या डोळ्यावर बांधायचा, वर ही काळ्या कागदाची पुडी, आत फोटोची फिल्म. डोळ्यातला अंधार मणी वढून घेतो आन् पुडीत वततो. मणी पिवळा का? तुमच्या पापानं. उन्हात ठिवला की सूर्यनारायण धुऊन काढतो. डॉक्टर काय करतो? सुरी लावतो. सुरीनं कवा अंधार कापला जातो व्हय?"

माणसं माना डोलवत होती. चंदनबालाची मान तेवढी ताठ होती. सांगलीच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची. शेजारी तिची आई आक्काताई आठवडाभर डोळ्यावर बांधलेली पुडी छातीशी धरून बसली होती. आक्काताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेत ऑपरेशनची तारीखही ठरली होती, पण बाबांचं नाव कानावर आलं आणि तिनं ती मोडली.

"पुडी बदलतात, आई. दुसरं काही नाही," चंदनबालानं घरी सांगितलं होतं.

"मग तूच बघ की समोर उभी ऱ्हाऊन," आई म्हणाली होती.

म्हणून तिनं पुडीला लाख लावून त्यावर स्वतःची सही केली होती. आता हंबीरराव त्या दोघींना आतल्या काळोख्या खोलीत घेऊन गेले. हंबीरराव म्हणजे साताऱ्याचे निवृत्त सुभेदार. बाबांचं सगळं तेच बघत. तांबड्या दिव्याच्या उजेडात त्यांनी सही दाखवली, लाख फोडली, आतली फिल्म काढून 'तीर्था'त बुडवली. चंदनबाला हातावरची नजर हलवत नव्हती. तीर्थाचा वास तिला ओळखीचा वाटला. फोटो धुण्याच्या औषधाचा होता तो. पण अदलाबदल काही झाली नाही. आणि फिल्मवर हळूहळू एक काळं वर्तुळ उमटलं, नेमकं मण्याएवढं.

"बघितलंस?" आक्काताई म्हणाली. तिच्या आवाजात हरवलेल्या माणसाला वाट सापडल्याचा आनंद होता. "माज्या डोळ्यातलं हाय त्ये."

घरी येताना बसमध्ये चंदनबाला रिकाम्या पुडीचा काळा कागद उलटसुलट करून बघत होती. हातचलाखी पकडायला गेली होती आणि हातचलाखी नव्हतीच. काळा कागद उजेडाला भेदता येत नाही. मग कशानं भेदला?

विचार करता करता तिला वर्गात स्वतःच दर वर्षी सांगत असलेला धडा आठवला. एका फ्रेंच शास्त्रज्ञानं युरेनियमचे क्षार काळ्या कागदातल्या फोटोच्या काचेवर ठेवले आणि अंधारातही काच काळवंडली. दुसऱ्या दिवशी तिनं आईचा मणी कॉलेजात नेऊन किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरसमोर धरला. एरवी अधूनमधून टिकटिकणारं यंत्र तव्यावर मोहरी टाकल्यासारखं तडतडायला लागलं.

मग ती साताऱ्याला गेली. तिथं बाबांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता, हे खुद्द हंबीररावच अभिमानानं सांगत. शेजारच्या घड्याळजीनं आढेवेढे न घेता सांगितलं, "तुमचे बाबा म्हंजी आमचे भाऊसो व्हय? मिलिटरीच्या लिलावातनं मोडके कॅमेरे उचलायचे. त्यातली भिंगं तेवढी काढून ठिवली त्यांनी. का, काय केलं?"

एवढं कळूनही आईला सांगण्यात अर्थ नव्हता. "तुजं यंत्र तुज्यापाशी," एवढंच ती म्हणाली असती. म्हणून चंदनबालानं पुढच्या गुरुवारी बाबांपुढे हात जोडले, डोळा दुखतो म्हणून मणी आणि पुडी मागून घेतली, आणि घरी आल्यावर कोठीतल्या तांबड्या भोपळ्याला घट्ट बांधून ठेवली.

आठवड्यानं शेडमध्ये पुडी उघडली. तेच काळं वर्तुळ. बाबांनी फिल्म सगळ्यांसमोर दिव्यापुढे धरली.

"आगं पोरी, किती अंधार साठला होता तुज्या डोळ्यात. गेल्या जन्माचा हाय ह्यो. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर आंधळी झाली असतीस."

"मी नाही बाबा," चंदनबाला म्हणाली, आणि पिशवीतून भोपळा काढून तिनं चौरंगावर ठेवला. "हा."

शेडमध्ये कुणाला काही कळेना.

"मणी मी याला बांधला होता. याला डोळे नाहीत. मग अंधार कुठला निघाला?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी "भोपळ्यातबी जीव असतोय" म्हणून सुरुवात केली, पण हसू आता पुढच्या रांगेपर्यंत आलं होतं. चंदनबालानं यंत्र काढलं, मण्याजवळ नेलं. तडतड ऐकून लोक गप्प झाले.

"मणी बोलतोय," एक म्हातारी म्हणाली.

"बोलत नाही, आजी. ही कॅमेऱ्याची काच आहे. चांगला फोटो यावा म्हणून पूर्वी कारखान्यात तिच्यात थोरियम नावाचा पदार्थ घालायचे. त्यातून न दिसणारे किरण निघतात. ते कागदातून जातात आणि फिल्म काळी करतात, डोळा असो नाहीतर भोपळा. काच पिवळी पडते तीही त्याच किरणांनी, आणि उन्हानं निवळते. पापाचा काही संबंध नाही."

हंबीरराव उठले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्हंजी ॲटमबाँबातलं हाय ह्ये? आन् मी लोकांच्या डोळ्यावर बांधलं? आत्ताच्या आत्ता कृष्णेत बुडवतो."

"थांबा, हंबीरराव. आता उलटी भीती नको." तिनं यंत्र घेऊन मागं जायला सुरुवात केली. तडतड विरळ होत गेली. दारापाशी पोचेपर्यंत ती पहिल्यासारखी अधूनमधून टिकटिकत होती. "कॅमेऱ्यात बसवून खुशाल फोटो काढा, काही होत नाही. फोडायची नाही, घासून पूड करायची नाही, आणि रात्र रात्र डोळ्याला लावून झोपायचं नाही. फायदा काडीचा नाही, मग किरण कशाला घ्यायचे? माझ्या लॅबच्या कपाटात ठेवू."

बाबा मागच्या दारानं कधी निघून गेले, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आक्काताई मात्र लेकीशी बोलेना. चार माणसांत आपला विश्वास भोपळ्यासारखा चौरंगावर मांडला, हे तिला लागलं होतं. पण डावा डोळा लाल होऊन असा ठणकायला लागला की ती आपणहून मिरजेला चल म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू वाजवीपेक्षा जास्त पिकून फुटला होता, डोळ्यातला दाब वाढला होता. उजवा डोळा ऑपरेशननं वाचला. डावा गेला.

पट्टी सुटल्यावर जाड चष्म्यातून आक्काताईनं लेकीकडे बराच वेळ बघितलं.

"त्या काचंनं गेला काय गं डोळा?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाबांना शिव्या घालायला तेवढंच कारण झालं असतं.

"नाही, आई. काचेनं एवढ्यात काही झालं नसतं. तारीख मोडून बसलो, त्यात गेला."

आक्काताईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, "हंबीररावास्नी सांग. त्या शेडातली माणसं अजून तारखा मोडून बसली असतील."

हंबीररावांनी ते काम अंगावर घेतलं. गावोगाव जाऊन ते एकच सांगू लागले: कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका आणि पळूही नका. तोच चमत्कार भोपळ्यावर करून बघा. आणि तोवर डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.