नांदायला आलेला

"अरे, असा चिमटीत काय धरतोस भात? मूठ वळ, मूठ! अकरा वर्षं झाली, अजून हाताला वळण नाही."

खाम्पुन म्हातारीने वेताच्या डब्यातून चिकट भाताचा गोळा काढला, चार बोटांनी दाबला आणि मुरवलेल्या माशाच्या चटणीत बुडवून तोंडात टाकला. समोर चटईवर बसलेल्या जावयाने, चरूनने, नुसती मान हलवली.

"तुमच्या दक्षिणेचा भात सुटा सुटा," म्हातारी म्हणाली, "म्हणून माणसंही सुटी सुटी. वारा आला की उडाली. आमचा भात बघ, एकमेकाला धरून असतो."

"आई, मला एक बोलायचं होतं."

"चटणी खा आधी. मग बोल."

चरूनने चटणी खाल्ली. पहिल्या वर्षी तिच्या वासानेच तो जिन्यावरून खाली पळाला होता. आता डोळ्यांत पाणी येत नव्हतं, एवढंच.

इकडे देशाच्या ईशान्येत नवरा मुलीच्या घरी नांदायला येतो. चरून आला तेव्हा त्याच्या हातात अवजारांची पेटी होती आणि अंगाला समुद्राचा वास होता. दक्षिणेतल्या सोंगख्लाच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. इथे रोई-एतच्या कोरड्या रानात पाण्याचे पंप आणि पॉवर टिलर दुरुस्त करू लागला. बायको रत्समी चार वर्षांपूर्वी तैवानच्या कारखान्यात गेली. सासरा वारला. मेहुणा बँकॉकला टॅक्सी चालवायचा, नवं वर्ष लागलं की चार दिवस येऊन जायचा. खांबांवर उभ्या असलेल्या त्या लाकडी घरात दोघंच उरली, सासू आणि जावई. जिच्यासाठी तो आला, ती रविवारी फोनच्या काचेत दिसायची. परवाच तिने सांगितलं होतं, "आणखी तीन वर्षांचा करार केलाय. आईकडे तू आहेस, म्हणून तर जमतं."

आणि काल मोठ्या भावाचा, नारोंगचा फोन आला होता. तो नेहमी धक्क्यावरूनच बोलायचा. "बाबांचे पाय गेले रे. रोज विचारतात, धाकटा कधी येतो. पौर्णिमेपर्यंत आलास तर त्यांची होडी तुझी. नाही आलास तर विकतो. मला दोन होड्या झेपत नाहीत." मग न सांगताच त्याने फोन पाण्याकडे धरला होता. तेही नेहमीचंच.

आज अष्टमी. पौर्णिमेला सात दिवस. आज सांगायचंच, असं चरूनने ठरवलं होतं. पेटीही रात्रीच भरून जिन्याच्या पायथ्याशी ठेवली होती.

"हं, काय बोलायचं होतं?" म्हातारीने हात धुतले.

"ते... नंतर बोलतो."

"बघ. म्हणजे पंप आधी, सासू नंतर."

ती घराखाली मागावर जाऊन बसली. धोटा इकडून तिकडे धावू लागला. फणी ठोकता ठोकता तिने गळा काढला. चरून पलीकडे पंप उघडून बसला होता; त्याला ऐकू जाईल इतकाच तो आवाज होता.

*जावई माझा बाई, ओसरीचा खांब,*
*छपराचा भार डोई, उंबरा त्याला लांब.*

उंबरा म्हणजे आतल्या खोलीचा. तिथे घरच्या पूर्वजांची फळी होती. त्या खोलीत लेकाने जावं, लेकीने जावं, जावयाने नाही. परक्या रक्ताचं पाऊल पडलं तर घरातले मेलेले रागावतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चरून बिचारा सदरा टांगायला खुंटी शोधत आत शिरला होता. केवढा गहजब! फुलांच्या आणि मेणबत्त्यांच्या पाच जोड्या घेऊन गुडघ्यावर बसून माफी मागावी लागली. सगळं गाव हसलं. शेजारची बुनमी मावशी अजूनही हाक मारायची, "काय खुंटीवाले, जेवलात का?"

त्यानंतर अकरा वर्षांत तो त्या दाराच्या हातभर जवळही गेला नव्हता.

ऊन चढलं. अष्टमीचं म्हणून गाव सगळं विहारात गेलं होतं. गुडघे दुखतात म्हणून म्हातारी तेवढी घरी. मागाचा आवाज थांबला. ती जिना चढून वर गेली, फळीवर भाताचा गोळा ठेवायला. चरून पंपाचा वॉशर पुसत मनाशी जुळवत होता. आई, माझेही बाबा म्हातारे झालेत. नाही. आई, मी जाऊन येतो. तेही नाही. येणार कुठे होता तो?

वर काहीतरी धप्पकन पडलं.

"आई?"

मग बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा.

तो जिना चढला, ओसरी ओलांडली आणि उंबऱ्याशी थबकला. आत म्हातारी कुशीवर पडली होती. एक पाय भलतीकडेच वळला होता. भाताचा गोळा घरंगळत तिच्या हातापासून लांब गेला होता.

"आत येऊ नकोस!" ती ओरडली. "बुनमीला बोलाव."

"सगळे विहारात आहेत, आई."

"मग थांब. येतील."

"दुपार होईल."

"होऊ दे. अकरा वर्षं थांबलास, आणखी थोडं थांब." आणि बोलता बोलता तिचे ओठ निळसर पडले.

चरूनने दाराची चौकट धरली. समुद्रावर वादळात इंजिन बंद पडलं होतं तेव्हाही त्याने असं काही घट्ट धरलं नव्हतं. त्याने फळीकडे पाहून हात जोडले.

"घरच्या वडीलधाऱ्यांनो, येतोय मी. रागवायचं तर मला रागवा. तिला नको."

त्याने पाऊल आत टाकलं.

ज्या खोलीला तो एवढी वर्षं भ्याला, तिच्यात एक गोधडी होती, पत्र्याची पेटी होती, लुगड्यांची वळकटी होती. बस्स. आणि दारामागे एक खुंटी होती, रिकामी.

त्याने म्हातारीला उचललं. ती मुठी वळून त्याच्या छातीवर मारत होती. "मेल्या! बुडवलंस घर! बुडवलंस!" हळूहळू मुठी सैल झाल्या, आणि तिने त्याच्या सदऱ्याचा गळा घट्ट धरला. वजन काही नव्हतंच तिला.

ओसरीत चटईवर निजवून तो फोन शोधू लागला.

"गाडी बोलावतो. दवाखान्यात जायचंय."

"आधी फुलं आण."

"आई, पाय मोडलाय तुमचा!"

"तो माझा आहे, मला ठाऊक आहे. फुलं आण. मेणबत्त्या आण. त्याशिवाय मी जिना उतरायची नाही."

गाडीवाल्याला फोन करून त्याने अंगणातली चाफ्याची फुलं तोडली, मेणबत्त्या काढल्या, पाच जोड्या मोजल्या, ताटलीत मांडल्या. गुडघ्यावर बसला. माफीचे शब्द त्याला पाठ होते.

"तू गप्प राहा," म्हातारी म्हणाली. "मी बोलते."

तिने पडल्या पडल्या हात जोडले. घामाने तिचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते.

"ऐका हो सगळे," ती फळीच्या दिशेने म्हणाली, जशी भाजीवालीला हाक मारावी तशी. "आत कुणी परका आला नव्हता. लेक आला होता माझा. चुकून बाहेर राहिला होता इतकी वर्षं. आता ओळखून ठेवा."

मग चरूनकडे वळून, दात आवळून म्हणाली, "सकाळी काय बोलायचं होतं रे तुला?"

जिन्याच्या पायथ्याशी भरलेली पेटी तिथून दिसत होती. तिलाही दिसत होती. किती वेळापासून, देव जाणे.

"काही नाही," चरून म्हणाला. "चटणीत मीठ जास्त झालं होतं."

म्हातारीने डोळे मिटले.

संध्याकाळी तो तिचे कपडे न्यायला एकटाच परतला. तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बुनमी मावशी बसली होती. उद्या शस्त्रक्रिया होती. पुढे सहा महिने आधाराशिवाय पाऊल नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मागावरचं कापड अर्धं विणलेलं होतं. धोटा सुतातच अडकून राहिला होता.

लुगडी आतल्या खोलीत होती. घरात कुणी नव्हतं, तरी उंबऱ्याशी त्याचं पाऊल आपोआप थांबलं. मग तो आत गेला. दिवा लावला. जमिनीवरचा सकाळचा गोळा उचलून टाकला, डब्यातून नवा भात घेतला, चार बोटांनी दाबून मूठ वळली आणि फळीवर ठेवला. गोळा वेडावाकडा झाला होता, पण सुटला नाही. बोटांना भात चिकटून राहिला.

फोन वाजला.

"निघालास का?" नारोंगने विचारलं.

"होडी विकून टाक, दादा."

पलीकडे धक्क्यावर वारा होता.

"बाबांना काय सांगू?"

"सांग, घरात आजारपण आहे."

"कुणाच्या घरात?"

चरूनने दारामागच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं.

"आमच्या," तो म्हणाला. आणि मग, "दादा, फोन जरा पाण्याकडे धर."

त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि फोन कानाशी धरून भिंतीला टेकून बसला. त्या लहानशा खोलीत लाट येत होती, फुटत होती, परत जात होती.