सातव्या खाटेचा आलेख

आमच्या ईसीजीच्या वर्गात परीक्षेला बसायचं तर वहीत शंभर रुग्णांचे हृदयालेख लागत. आधी रुग्णाचं नाव लिहायचं, मग आलेख काढून शेजारी चिकटवायचा. खाडाखोड केली की वर्ष गेलं. धांदलीचे नव्याण्णव झाले होते. हे नाव तिला आम्हीच दिलेलं आणि तिने ते मन लावून सार्थ केलेलं.

शेवटच्या दुपारी तिने सातव्या खाटेवरच्या आजोबांचं नाव लिहून टाकलं आणि मग त्यांना विचारायला गेली.

"नको गं बाई. ते गार फुगे चिकटवायला मी काय भिंत आहे?"

नाव तर लिहून झालेलं. धांदलीने पडदा ओढला, यंत्राचे चिमटे स्वतःच्याच हातापायांना लावले, ते रबरी फुगे छातीला. असले उद्योग आधीही झालेत; कोणी कोणी केले ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही.

वर्गावरच्या बाईंनी तिचा आलेख आजोबांच्या मागच्या महिन्याच्या आलेखाशेजारी धरला. धांदली पांढरीफटक.

"हुबेहूब! जुन्या झटक्याची खूणसुद्धा जागच्या जागी. शंभर झाले, सुटलीस."

धांदलीने मला ओढत पडद्याआड नेलं. या वेळी चिमटे मी लावले, दोनदा तपासले. कागदावर तीच खूण. एकवीस वर्षांच्या पोरीला म्हातारा झटका!

सातव्या खाटेवर आजोबा बूट घालत होते. आता त्यांनी आपणहून सदरा उघडला. "लाव की तुझे फुगे."

आलेख निघाला तो कोवळा, स्वच्छ.

"आजोबा, हे माझं आहे."

"वहीत नाव कोणाचं लिहिलंयस?" असं म्हणून ते उठले आणि तरातरा जिन्याकडे निघाले.

धांदलीने वही उघडली. पेन नावावर टेकलं. दुसरा हात छातीवर होता.

"अगं, वर्ष जाईल!" बाई ओरडल्या.

जिन्यावर आजोबांची पावलं वाजत होती, दोन-दोन पायऱ्या एकदम. धांदलीने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीला वेळ लावला. मग तिने नावावर रेघ मारली, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पोटभर श्वास घेतला.

पावलं मधेच थांबली.

बघायला आमच्यातलं कोणीच उठलं नाही.