शांताताईंचा दम

मी प्रांजली. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या एका हॉस्पिटलात मेडिकल कोडर आहे. डॉक्टर केसपेपरवर जे लिहितात त्याला मी ठरलेले कोड लावते. कोणाला कुठल्या विभागात घ्यायचं, ते वरच्या मजल्यांवरचे लोक कोड बघूनच ठरवतात. पेशंट माझ्याकडे येत नाहीत आणि ते बरंच आहे, कारण माझं तोंड जरा फटकळ आहे.

त्या सोमवारी मात्र हजीरा मोहल्ल्यातल्या शांताताई तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत शिरल्या. वय सत्तरीचं. खुर्चीत बसून आधी कितीतरी वेळ नुसता श्वास गोळा केला. मग म्हणाल्या, "मी विडी ओढते असं कोणी लिहिलं, ते सांग. बघतेच मी त्याला."

मी फाइल उघडली. वरच्या मजल्यावर श्वासाच्या व्यायामाचा आठ आठवड्यांचा उपचार सुरू होणार होता. सीमेवरच्या गोळीबारात ज्यांच्या छातीत धूर गेला, अशा साध्या नागरिकांसाठी त्यात जागा राखून ठेवल्या होत्या. यादी त्याच दिवशी पाचला बंद होणार होती आणि शांताताईंचं नाव कापलेलं होतं. कारण, तंबाखूमुळे फुफ्फुसाचा आजार. कोड माझाच.

केसपेपरवर तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहायची पद्धत असते. डॉक्टर अंशुलनं लिहिलं होतं, 'दम लगाती हैं, रोज़ दस-बारह बार.' खाली शेरा, स्मोकर.

"ताई, तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

"हिंदीतच सांगितलं की. मेरे को दम लगता है. तो म्हणाला, दिन में कितनी बार? मी म्हटलं, दस-बारह बार, जीना चढी तो लगता ही है."

मी कपाळावर हात मारला. हिंदीत दम लगाना म्हणजे झुरके मारणं. आम्ही ग्वाल्हेरवाले मराठी शब्दाला हिंदी शेपूट जोडतो आणि समजतो, झाली हिंदी. पण त्या अंशुलवर काय म्हणून चिडायचं? तो तर मुरैनाचा, हिंदीतच वाढलेला. माझी आई रोज घरात 'दम लागतो' म्हणते, आणि मी डोळे मिटून तंबाखूचा कोड ठोकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोड मी आपल्या मनानं बदलू शकत नाही. डॉक्टरनं आधी लिहायला हवं. साडेतीन वाजले होते. ताईंना लिफ्टनं वर नेलं.

"मॅडम, इन्होंने खुद बोला था," अंशुल म्हणाला.

"बोला था मराठी में, भैया, बस हिंदी पहना के," मी म्हटलं. "साँस फूलती है इनकी. अब पूरी बात सुनो, मैं बताती जाऊँगी."

ताईंनी सांगितलं. लेकीच्या बाळंतपणाला सीमेजवळच्या गावी गेल्या होत्या. तोफगोळा शेजारच्या टायरच्या गोदामावर पडला. रात्रभर काळा धूर. नातीचं नाक ओल्या पदरानं झाकलं, स्वतःचं राहून गेलं. सांगताना चारदा थांबल्या. अंशुल खुर्ची ओढून जवळ बसला, छाती पुन्हा तपासली आणि 'स्मोकर' खोडून सही केली.

"माफ करना, अम्मा."

"हिंदी सुधारते मी," ताई म्हणाल्या.

खाली येऊन मी नवे कोड भरले. वरच्या विभागाला फोन लावला, नाव यादीत चढल्याची खात्री केली. पाचला दहा मिनिटं कमी होती. ताई समोरच बसून होत्या.

"आता काय लिहिलंस, वाच."

"धुरामुळे फुफ्फुसाला इजा. कारण, लष्करी कारवाई. व्यक्ती, नागरिक."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"घरचे, दारचे, सगळे तेच विचारतात," त्या हळूच म्हणाल्या, "असल्या दिवसांत कशाला गेलीस तिकडे? जणू मीच ओढवून घेतलं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ह्यात कुठे लिहिलंय का तसं, की माझी चूक?"

"नाही ताई. त्याला कोडच नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि त्या कागदाची एक प्रत मागितली, घरी सगळ्यांना वाचून दाखवायला.