डोरीनची चाचणी

सकाळची पाळी उरकून विनी ग्रिमशॉ बालमार्गदर्शन केंद्रात पोचली, तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडले होते. लँकाशायरच्या गिरणीत एकटीनं चार माग सांभाळणं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यात आज तिच्या लेकीची, डोरीनची चाचणी. सात वर्षांची पोर, पण शाळेनं लिहून दिलं होतं की हिच्या डोक्यात काही शिरत नाही. आज नापास झाली की ‘शिकवण्यास अयोग्य’ असा शिक्का बसणार आणि शाळेचं दार कायमचं बंद. दुसरी मोठी लढाई संपता संपता इंग्लंडच्या सरकारनं प्रत्येक मुलाला शिकवायचा कायदा केला होता. त्या ‘प्रत्येका’त कोण बसतं, हे ठरवायला केंद्रातले प्रॉक्टरसाहेब होते.

साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. दिवसातलं हे अकरावं पोर. त्यांनी विनीला आपल्या पाठीमागे खुर्ची दिली.

“बाई, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.”

शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून ते मान खाली घालून पुस्तकातून प्रश्न वाचत.

“गाय काय देते?”

डोरीन त्यांच्या टकलाकडे बघत राहिली. साहेबांनी फुली मारली. ही पाचवी.

विनीला राहवलं नाही. आवाज न करता, नुसत्या ओठांनी तिनं तोच प्रश्न विचारला.

“दूध,” डोरीन म्हणाली. “आणि लाथ.”

साहेब गर्रकन वळले. “अहो, उत्तरं काय सांगताय?”

“उत्तर नाही हो, प्रश्नच विचारला. गिरणीतल्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येतंय? आम्ही सगळ्याजणी ओठांनीच बोलतो. घरीसुद्धा तसंच, मी, माझी आई, बहीण... जित्याची खोड, साहेब.”

प्रॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. ते हळूच डोरीनच्या मागे गेले आणि शेकोटीजवळचा लोखंडी चिमटा त्यांनी कोळशाच्या बादलीत आपटला.

विनी दचकली. डोरीन आईकडे बघून हसत होती.

“हे कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

हाक मारल्यावर येत नाही म्हणून विनीनं पोरीला किती धपाटे घातले होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

“शिक्का नाही बसणार,” साहेब म्हणाले. “बहिऱ्या मुलांची शाळा आहे. तिथं ओठ बघूनच शिकवतात. पण आहे साठ मैलांवर. तिथंच राहायचं, सुट्टीत तेवढं घरी.”

“सही कुठं करू?”

विनीनं सही केली. डोरीननं तिची बाही ओढली. “आई, मी पास झाले?”

“झालीस की!” तिच्याकडे तोंड करून विनी म्हणाली.

मग तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाली, “म्हणूनच तुला धाडतेय गं, बाळा.”